होतकरू पोरांची इंग्रजी नावे

गरीब पण हुशार विद्यार्थ्याला कुठून तरी मदत मिळवून द्यायची असली, की गुरुजी अर्जावर दोन शब्द हटकून लिहितात: ‘होतकरू व गरजू’. ‘गरजू’चा अर्थ सांगायला नको. ‘होतकरू’ हा शब्द मात्र मोठा गमतीचा आहे. त्यात ‘होणे’ आहे, पण ‘झालेला’ नाही. मुलगा अजून काही झालेला नाही, होऊ घातला आहे, आणि आपण त्याला थोडा हात द्यावा, एवढेच तो शब्द सुचवितो. याच अर्थाने इंग्रज, स्कॉच आणि अमेरिकन लोक आपापल्या घरी, बाजारात, वर्तमानपत्रांत कोणकोणते शब्द वापरीत आले, आणि त्या शब्दांनी ज्यांना हाक मारली त्या पोरांचे पुढे काय झाले, ते आज पाहू. हा केवळ भाषेचा विषय आहे असे समजू नका. बारा वर्षांच्या पोराला आपण एक नाव देऊन मोकळे होतो. ते वागवायचे काम पुढे पन्नास वर्षे त्याच्याकडे असते.

‘प्रॉडिजी’ हा शब्द शिक्षकांच्या परिचयाचा असेल. लहान वयात अचाट बुद्धी दाखविणारे मूल म्हणजे प्रॉडिजी. पण हा शब्द लॅटिन ‘प्रॉडिजियम’वरून आला, आणि प्राचीन रोममध्ये प्रॉडिजियम म्हणजे उत्पात, अशुभ चिन्ह. दोन डोक्यांचे वासरू जन्मले, आकाशातून दगड पडले, की रोमचे लोक त्याला प्रॉडिजियम म्हणत आणि शांती करीत. कालांतराने त्यातले भय गेले आणि नवल तेवढे उरले. तरी माझ्या मते मूळचा वास पूर्णपणे गेलेला नाही. असे मूल दिसले की लोक आजही त्याच्याभोवती कोंडाळे करतात. त्याला जेवलास का म्हणून कोणी विचारीत नाही.

याचे उदाहरण म्हणजे विल्यम बेटी हा मुलगा. त्याचा जन्म १७९१ चा. १८०३ मध्ये, बारावे वरीस लागण्याच्या सुमारास, तो आयर्लंडमधील बेलफास्ट येथे रंगभूमीवर उभा राहिला आणि १८०४ च्या डिसेंबरात लंडनला आला. त्याला पाहायला अशी झुंबड उडाली की गर्दी आवरण्यासाठी शिपाई उभे करावे लागले. रोममध्ये रोशियस नावाचा विख्यात नट होऊन गेला होता; त्यावरून लोक या पोराला ‘यंग रोशियस’ म्हणू लागले. त्याचा हॅम्लेट पाहता यावा म्हणून पार्लमेंटची बैठक तहकूब झाली, अशीही कथा सांगतात. पुढे आवाज फुटला, मिसरूड आले आणि गर्दी ओसरली. १८१२ मध्ये त्याने पुन्हा रंगभूमीवर येऊन पाहिले, पण लोकांना तो बाप्या नको होता, त्यांना पोरगाच हवा होता. १८२४ नंतर त्याने रंगभूमी कायमची सोडली. मात्र मनुष्य १८७४ पर्यंत जगला. म्हणजे चार-पाच वर्षांचा डंका, आणि त्यापुढे पन्नासावर वर्षांची शांतता.

डिकन्स या कादंबरीकाराने ही सगळी जत्रा ओळखली होती. १८३८-३९ मध्ये क्रमशः निघालेल्या ‘निकोलस निकल्बी’ या त्याच्या कादंबरीत एक फिरती नाटक मंडळी आहे. मालकाची मुलगी ‘इन्फंट फिनॉमिनन’, म्हणजे बालचमत्कार, म्हणून रंगभूमीवर उतरविली जाते. तिचे वय दहा, आणि गेली पाच वर्षे ते दहाच आहे. तिची उंची वाढू नये म्हणून तिला रोज रात्री जागवतात आणि लहानपणापासून जिन नावाची दारू पाण्यातून पाजतात. वाचताना आपण हसतो, आणि मग हसू घशातच अडकते. पुढे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खेळात याच ‘फिनॉमिनन’चे तुकडे पडून ‘फिनॉम’ झाला. नव्याने आलेला, पहिल्याच मोसमात चेंडू उधळून लावणारा जवान गडी म्हणजे फिनॉम. शब्दाची शेपटी कापली की तो गावरान होतो, हा नियम सगळ्या भाषांना लागू दिसतो.

आता स्कॉटलंडकडे वळू, कारण तिथला शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. तो शब्द आहे ‘लॅड ओ’ पेअर्ट्‌स’. लॅड म्हणजे पोरगा. ‘पार्ट्‌स’ म्हणजे इथे भाग नव्हेत, तर अंगचे गुण. जुन्या इंग्रजीत ‘मॅन ऑफ पार्ट्‌स’ म्हणजे गुणी पुरुष. स्कॉच बोलीत त्याचेच ‘पेअर्ट्‌स’ झाले. तेव्हा अंगी गुण असलेला, पण बहुधा घरची परिस्थिती बेताची असलेला पोरगा, असा त्याचा अर्थ. यात चमत्कार नाही, उत्पात नाही. गाव त्याला ओळखते, आणि गावाने त्याच्यासाठी काही करायचे आहे, असे त्या शब्दात गृहीत आहे.

याच्यामागे व्यवस्था होती. १६९६ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावांच्या गटाला, एक शाळा असावी आणि तिचा भार तेथील जमीनदारांनी उचलावा असे ठरले. सगळीकडे ते पाळले गेले असे नाही, पण खेड्यातल्या मास्तराला एक स्थान मिळाले. तो स्वतः पुष्कळदा विद्यापीठात शिकलेला असे आणि चांगल्या पोराला लॅटिन शिकवून तिथून थेट विद्यापीठात पाठवू शके. इंग्लंडात शतकानुशतके ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोनच विद्यापीठे असताना लहानग्या स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन आणि एडिंबरो अशी चार विद्यापीठगावे होती. तिथले सत्र हिवाळ्यात चाले. उन्हाळ्यात पोराने शेतावर राबावे आणि थंडीत पुस्तक उघडावे. ओटचे पीठ हे गरिबाचे अन्न. घरून आणलेली पिठाची पिशवी सत्राच्या मध्यावर संपे, म्हणून घरी जाऊन ती भरून आणायला फेब्रुवारीत एक सोमवारची सुट्टी असे, तिचे नाव ‘मील मंडे’, म्हणजे पिठाचा सोमवार. आपल्याकडे गावाहून एस.टी.ने आलेला भाकरीचा डबा खाऊन ज्यांनी कॉलेज काढले, त्यांना ही सुट्टी समजावून सांगण्याची गरज नाही.

‘लॅड ओ’ पेअर्ट्‌स’ हे शब्द जगभर गेले ते एका पुस्तकामुळे. जॉन वॉटसन नावाचे एक स्कॉच धर्मोपदेशक इअन मॅक्लॅरेन या टोपणनावाने लिहीत. १८९४ मध्ये त्यांचे ‘बिसाइड द बॉनी ब्रायर बुश’ हे ग्रामीण कथांचे पुस्तक निघाले व अतोनात खपले. पहिल्याच गोष्टीत डॉम्सी नावाचा म्हातारा खेड्यातला मास्तर आहे. त्याचे एकच व्यसन: गुणी पोरे हेरायची आणि विद्यापीठात धाडायची. जॉर्ज हाऊ या गरीब पोरासाठी तो एका कंजूष म्हणून नावाजलेल्या शेतकऱ्यापाशी जातो आणि फीचे पैसे काढवून घेतो. पोरगा एडिंबरोला लॅटिन आणि ग्रीक दोन्हींत पदके मिळवितो. सारे गाव फुलून जाते. आणि मग तो क्षयाने खंगून घरी परत येतो आणि मरतो. टीकाकारांनी या कथांना पुढे रडव्या म्हणून नावे ठेवली. ते खोटे नाही, तरी त्या मास्तराची धडपड कुणाही शिक्षकाला ओळखीची वाटेल.

पण या गोड शब्दाने काही झाकलेही. पुढच्या इतिहासकारांनी विद्यापीठांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की विद्यापीठात पोहोचलेल्यांत धर्मोपदेशकांची, शिक्षकांची, व्यापाऱ्यांची आणि बऱ्यापैकी कारागिरांची मुले पुष्कळ होती. शेतमजुराची आणि गिरणीकामगाराची फार थोडी. शेकडो पोरे शाळा सोडून कामाला लागली, आणि एकटा जॉर्ज हाऊ गोष्टीत गेला. एक पोरगा वर गेला की गावाला आपले कर्तव्य झाल्यासारखे वाटते. उरलेल्या साठांचे काय, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही. अँड्र्यू कार्नेगी हा डनफर्मलिनच्या हातमागावरच्या विणकऱ्याचा मुलगा अमेरिकेत पोलादाच्या धंद्यात कोट्यधीश झाला. त्याने १९०१ मध्ये स्कॉच विद्यापीठांसाठी वीस लाख पौंडांचा न्यास केला व त्यातून विद्यार्थ्यांच्या फीची सोय झाली. गंमत अशी, की कार्नेगीचे स्वतःचे शालेय शिक्षण तेराव्या वर्षाच्या आतच आटोपले होते. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन हेही लॉडर या लहानशा स्कॉच गावचे, आणि एडिंबरोला शिकलेले. १८२९ मध्ये ते मुंबईस उतरले. तेव्हा या पॅरिश शाळांचा एक धागा आपल्या इलाख्यातही येऊन पोहोचला होता.

इंग्रजांची तऱ्हा निराळी. त्यांना घोड्यांचे वेड, म्हणून त्यांचा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला: ‘डार्क हॉर्स’. काळा घोडा नव्हे. ज्याच्याविषयी पैजा लावणारे अंधारात आहेत असा घोडा. डिझरेली पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याने तरुणपणी, १८३१ मध्ये, ‘द यंग ड्यूक’ ही कादंबरी लिहिली, तीत असा एक घोडा सर्वांना मागे टाकतो. अमेरिकेत १८४४ मध्ये जेम्स पोक हा फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला गृहस्थ नवव्या मतदानफेरीत उमेदवार ठरला आणि पुढे अध्यक्ष झाला, तेव्हापासून हा शब्द राजकारणात रुळला. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या पोराला लागू पडेल असा इंग्रजीतला हा एकच चांगला शब्द. पण तो लावला जातो पोरगा जिंकल्यावर, आधी नाही. मग त्याचा उपयोग काय?

राजकारणात तरुणांसाठी आणखी एक शब्द आला, आणि तो आपल्या घरापर्यंत पोहोचला: ‘यंग टर्क’, तरुण तुर्क. १९०८ मध्ये तुर्कस्तानात सुलतान अब्दुल हमीद याला तरुण अधिकाऱ्यांच्या व सुधारकांच्या चळवळीने नमते घ्यायला लावले आणि १८७६ ची गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा चालू करविली. युरोपातल्या वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले, आणि तेव्हापासून कुठल्याही पक्षातले अधीर, सुधारणावादी तरुण म्हणजे ‘यंग टर्क’ असे समीकरण झाले. आपल्याकडे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसमधील चंद्रशेखर, कृष्णकांत आणि आपले मोहन धारिया यांना हेच नाव मिळाले. पुढे १९७५ मध्ये धारियांना मंत्रिपद गमवावे लागले आणि आणीबाणीत चंद्रशेखर तुरुंगात गेले. म्हणजे नावाला जागण्याची किंमत त्यांनी मोजली. मराठी रंगभूमीवर मधुकर तोरडमलांच्या ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या नाटकामुळे हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. परंतु मूळच्या तरुण तुर्कांचे पुढे काय झाले हे हसताना कोणाला आठवत नाही. त्यांच्यातल्याच तलत, एन्वर आणि जमाल या तिघांच्या हाती १९१३ नंतर सत्ता एकवटली, आणि १९१५ पासून त्यांच्या राजवटीत आर्मेनियन लोकांची लाखांनी कत्तल झाली. शब्द मात्र धुऊन स्वच्छ झाला. इतिहास शिकविणाऱ्याला अशा धुतलेल्या शब्दांचा नेहमी संशय येतो.

अमेरिकेला वेगाची आवड. तिथला शब्द ‘व्हिझ किड’. बाण किंवा गोळी कानाजवळून सणसणत गेली की इंग्रजीत ‘व्हिझ’ असा आवाज होतो. सणसणत जाणारे पोर ते व्हिझ किड. हा शब्द पसरायला कारणीभूत झाला, योगायोग पहा, रेडिओ! १९४० मध्ये शिकागोहून ‘क्विझ किड्‌स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. मायक्रोफोनपुढे मुले बसत आणि देशभरातून आलेल्या अवघड प्रश्नांची उत्तरे देत. जेम्स वॉटसन, ज्यांना पुढे १९६२ मध्ये डीएनएच्या रचनेच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेही लहानपणी या कार्यक्रमात बसले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, हवाई दलाच्या आकडेवारीच्या खात्यातले दहा तरुण अधिकारी एकत्रच फोर्ड मोटार कंपनीत दाखल झाले. कंपनी तोट्यात होती. हे दहाजण ज्याला त्याला प्रश्न विचारीत सुटले, म्हणून जुने नोकर कुचेष्टेने त्यांना ‘क्विझ किड्‌स’ म्हणू लागले. आणि कंपनी सावरू लागली तशी त्या ‘क्विझ’चे ‘व्हिझ’ झाले.

त्यांच्यात एक रॉबर्ट मॅक्नामारा. १९६० मध्ये ते फोर्डचे अध्यक्ष झाले, आणि १९६१ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेचे संरक्षणमंत्री. त्यांनी आपल्याबरोबर आकड्यांत तरबेज अशी तरुण मंडळी नेली, आणि वृत्तपत्रांनी त्यांनाही तेच नाव दिले. या बुद्धिमान मंडळींनी व्हिएतनामचे युद्ध तक्त्यांत मांडले: किती बाँब टाकले, शत्रूचे किती मेले. शत्रू का लढतो हे तक्त्यात बसत नव्हते. डेव्हिड हॅल्बरस्टॅम या पत्रकाराने १९७२ मध्ये या साऱ्या पिढीवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘द बेस्ट अँड द ब्रायटेस्ट’, म्हणजे सर्वोत्तम आणि सर्वांत तेजस्वी. ते नाव उपरोधाने दिलेले होते. आज गुणगौरवाच्या सभांत तेच शब्द सरळ अर्थाने वापरले जातात, ते ऐकून हसावे की रडावे कळत नाही. मॅक्नामारांनी स्वतः १९९५ मध्ये आत्मकथनात आपली चूक कबूल केली; पण तोवर युद्ध संपून वीस वर्षे झाली होती.

त्याच अमेरिकेतली आणखी दोन मुले पहा. विल्यम सायडिस हा १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाला, आणि पुढल्याच वर्षी त्याने तिथल्या गणितज्ञांपुढे चौथ्या मितीवर व्याख्यान दिले. वृत्तपत्रांनी त्याचा पिच्छा पुरविला. मोठेपणी त्याला एकच हवे होते, ते म्हणजे कुणी ओळखू नये. तो लहानसहान कारकुनी करी आणि ट्रामची तिकिटे जमवी. त्यांवर त्याने १९२६ मध्ये एक पुस्तकही काढले. १९३७ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने त्याला हुडकून काढून त्याच्यावर खोचक लेख छापला. त्याने खाजगी जीवनाच्या हक्कासाठी दावा लावला. १९४० मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला, की लहानपणी जो प्रसिद्ध होता त्याचे पुढे काय झाले हे जाणून घेण्यात लोकांना रस असणारच. तो हरला, आणि १९४४ मध्ये वारला. वय अवघे सेहेचाळीस. हार्वर्डमध्ये त्याच काळात नॉर्बर्ट वीनर हा दुसरा बालबुद्धिमान होता. त्याने अठराव्या वर्षी डॉक्टरेट घेतली आणि पुढे ‘सायबरनेटिक्स’ या शास्त्राचा पाया घातला. १९५३ मध्ये त्याने आपल्या बालपणाची कहाणी लिहिली, तिचे नाव ‘एक्स-प्रॉडिजी’. आपण ‘माजी आमदार’ म्हणतो ना, तसे ‘माजी बालचमत्कार’! निवृत्त होता येते, असे त्याने जगाला बजावले. सायडिसला मात्र जगाने निवृत्त होऊ दिले नाही.

इंग्लंडात शहाण्या पोराबद्दल कौतुकाबरोबर एक तिरकेपणाही दिसतो. ‘ब्राइट स्पार्क’, म्हणजे तेजस्वी ठिणगी, हे शब्द आज बहुधा टोमणा म्हणूनच ऐकू येतात: कोणत्या शहाण्याने हे दार उघडे टाकले? १९६१ मध्ये लॉर्ड सॉल्झबरी यांनी वसाहतमंत्री इअन मॅक्लाउड यांना उमरावांच्या सभागृहात ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणून हिणविले. आपल्याकडील ‘दीडशहाणा’ याहून नेमका प्रतिशब्द कुठल्या कोशात मिळायचा नाही.

परंतु इंग्लंडने आणखी एक शब्द दिला, तो आपल्या खेड्यांतल्या घराघरांत शिरेल असा आहे: ‘स्कॉलरशिप बॉय’. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन साधारण पाचातला एक मुलगा किंवा मुलगी ग्रामर स्कूलला जाई, बाकीची दुसरीकडे. रिचर्ड हॉगर्ट हा लीड्‌स शहरातल्या कामगार वस्तीतला, आईबाप गेल्यावर आजीने वाढविलेला मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून प्राध्यापक झाला. १९५७ मध्ये त्याने ‘द यूसेस ऑफ लिटरसी’ या पुस्तकात या शिष्यवृत्तीवाल्या पोराचे वर्णन केले आहे. घरात ऊब असलेली खोली एकच. तिथे कोणी इस्त्री करतो आहे, रेडिओ चालू आहे, गप्पा चालल्या आहेत, आणि हा एका कोपऱ्यात पुस्तकात डोके घालून बसला आहे. घरचे त्याला जपतात, पण तो हळूहळू घरचा राहत नाही. आणि शाळेतल्या वरच्या वर्गातल्या पोरांचाही होत नाही. त्याला परीक्षा कशी द्यायची ते येते, पुढे काय करायचे ते कोणी शिकविलेले नसते. असे विद्यार्थी माझ्या वर्गात दर साली येतात. सुट्टीत घरी जातात, आणि पहिल्या दोन दिवसांत त्यांना बोलायला विषय सापडत नाही. गुरुजी, आपण ज्याच्या अर्जावर ‘होतकरू’ लिहून तालुक्याला धाडता, तो दिवाळीला गावी आला की त्याला जरूर घरी बोलवा.

आणि हे सारे शब्द बहुतेक पोरग्यांचेच, हेही आपल्या ध्यानात आले असेल: लॅड, बॉय. स्कॉच विद्यापीठांनी स्त्रियांना पदवीसाठी प्रवेश दिला तो १८९२ मध्ये. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि परीक्षेत सर्वांच्या वर आल्या. त्या क्रमांकाला इंग्लंडात शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती होती. ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. मग इंग्लंडातल्या काही हितचिंतकांनी वर्गणी जमविली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या, आणि १८८९ मध्ये सोराबजी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली १९२२ मध्ये, विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्याचे ठरविल्यानंतर. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.